बेस गिटार घेऊन पहिल्या गिगला जाताना: सामान कोणत्या क्रमाने जमवाल

बँड जमला, गाणी बसली, पहिला कार्यक्रम ठरला, की नवा बेसिस्ट सगळ्यात आधी अ‍ॅम्पच्या मागे लागतो. किती वॉटचा घ्यावा, दहा इंची स्पीकर बरा की पंधरा इंची, याची चौकशी सुरू होते आणि जमवलेले सगळे पैसे तिथेच संपतात. माझं ठाम मत आहे की अ‍ॅम्प ही यादीतली शेवटची वस्तू आहे. जरा मोठं स्टेज असेल तर श्रोत्यांपर्यंत पोहोचतो तो तुमच्या अ‍ॅम्पचा आवाज नसतोच. बेसमधून निघालेला सिग्नल थेट मिक्सरला जातो आणि हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून बाहेर पडतो. म्हणून खर्चाचा क्रम सिग्नलच्या वाटेनेच लावावा: आधी हातातलं वाद्य, मग केबल, ट्यूनर, डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला देण्याजोगा करणारा छोटा डबा), आणि हे सगळं जागेवर आलं की अ‍ॅम्प. पुढे याच क्रमाने सांगतो.

पायरी १: हातातला बेस गिगसाठी तयार करा

पहिल्या गिगसाठी नवा बेस लागत नाही, आहे तोच नीट सेटअप केलेला लागतो. महागडा पण नेक वाकलेला बेस स्टेजवर रडवतो, आणि साधासा बेस नीट लावलेला असेल तर रात्रभर साथ देतो.

नेक स्वतः तपासता येतो. सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हाताने तीच तार नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामधली फट बघा. साधारण ०.३ मिमी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट खूप जास्त असेल तर नेक पुढे वाकलाय आणि ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, थोडा आवळायला हवा. फटच नसेल तर तो थोडा सैल करायचा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, आणि रॉड घट्ट बसलेला वाटला तर जोर न लावता वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. तुटलेला ट्रस रॉड म्हणजे मोठं काम. लाकूड हवेतली आर्द्रता ओढतं आणि सोडतं, त्यामुळे ऋतू बदलला की ही तपासणी पुन्हा करायची.

त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर स्वर बरोबर लागणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, फ्रेटच्या वर बोट हलकेच टेकवून निघणारा स्वर) वाजवा आणि मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा. दाबलेला स्वर चढा लागला तर सॅडल (तार बॉडीकडच्या टोकाला टेकते तो तुकडा) नेकपासून लांब न्या, उतरा लागला तर नेककडे आणा. एवढं नीट नसेल तर बँडमध्ये वरच्या फ्रेटवर वाजवलेली प्रत्येक ओळ बेसूर वाटते, आणि दोष मात्र वादकाच्या कानाला दिला जातो.

चार तारा की पाच? चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा ई ४१.२ हर्ट्झचा असतो, पाचव्या तारेचा बी ३०.९ हर्ट्झचा. हे खालचे स्वर लहान स्पीकरमधून धड ऐकू येत नाहीत आणि नेकही रुंद होतो. बँडच्या गाण्यांना खरोखर गरज पडत नाही तोवर चार तारा पुरतात.

पिकअप, म्हणजे तारांच्या कंपनाचा सिग्नल करणारा भाग, याबद्दल एक गोष्ट स्टेजवर फार कामी येते. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला आणि १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला. त्या रचनेत हम, म्हणजे विजेची गुणगुण, आपोआप कटतो. १९६०च्या जॅझ बेसवर दोन सिंगल कॉइल पिकअप आहेत. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतील तर हम कटतो, एक कमी केला की तो वर येतो. स्टेजवरच्या लाइट डिमरजवळ हा आवाज हमखास वाढतो. या घडणीचा बेस असेल आणि मध्येच गुंई ऐकू आली, तर केबल उपसण्याआधी दोन्ही नॉब पूर्ण उघडून बघा.

बेस अ‍ॅक्टिव्ह असेल, म्हणजे आत ९ व्होल्टचा सेल असेल, तर जॅक आत असेपर्यंत सेल खर्च होत राहतो, तुम्ही वाजवत असा किंवा नसा. वाजवून झालं की जॅक काढायची सवय लावा. सेल संपत आला की आवाज आधी फाटायला लागतो, मग बारीक होत जातो. महत्त्वाच्या कार्यक्रमाआधी नवा सेल घाला आणि जुना सरावाला वापरा.

तारांची जाडी .०४५ ते .१०५ ही सर्वसाधारण आहे. आधी होती तीच जाडी ठेवा, कारण जाडी बदलली की नेकवरचा ताण बदलतो आणि सेटअप पुन्हा करावा लागतो. निकेलच्या राउंडवाउंड (गोल वेढ्यांच्या) तारा बहुतेक सगळ्या बँडना चालतात. फ्लॅटवाउंडचा (सपाट वेढ्यांच्या तारांचा) आवाज गोल आणि दबका असतो, बोट सरकल्याची खरखर त्यात जवळपास नसते. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य रेकॉर्डिंगवर वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनचा फ्लॅटवाउंड तारा न बदलण्याकडेच कल होता. म्हणजे ‘दर गिगला नव्या तारा’ हा काही नियम नाही. पण बदलायच्याच असतील तर दोन-तीन दिवस आधी बदला. ताज्या तारा ताणत राहतात आणि पहिल्या तीन गाण्यांत ट्यूनिंग सारखं उतरतं. काढलेला जुना सेट पुसून, गुंडाळून बॅगेत ठेवा. बेसची तार क्वचित तुटते, पण तुटलीच तर ताणून झालेली जुनी तार पटकन स्थिरावते, नवी नाही.

आता पट्टा. बेसचं वजन साधारण साडेतीन ते साडेचार किलो असतं आणि ते दोन-अडीच तास एकाच खांद्यावर राहतं. पट्टा निदान तीन इंच रुंद घ्या आणि त्याला, तो सुटू नये म्हणून, स्ट्रॅप लॉक बसवा. उंची अशी ठेवा की बसून सराव करताना बेस जिथे असतो, उभं राहिल्यावरही तिथेच असावा. फार खाली लटकवलेल्या बेसवर डाव्या हाताचं मनगट कोनात वाकतं. लांब कार्यक्रमांत तिथूनच दुखणं सुरू होतं.

पायरी २: दोन चांगल्या केबल

पाच ते सहा मीटरच्या दोन केबल घ्या, एक वापरायला आणि एक राखीव. पॅसिव्ह (आत सेल नसलेल्या) बेसवर केबल जितकी लांब तितकी तिची कपॅसिटन्स जास्त आणि तितका वरचा आवाज, म्हणजे बोटांचा आणि तारेचा टणटणीतपणा, कमी होतो. म्हणून गरज नसताना दहा मीटरची केबल ओढू नका.

इन्स्ट्रुमेंट केबल आणि स्पीकर केबल दिसायला सारख्या असतात, दोन्हींना तोच पाव इंची जॅक असू शकतो, पण त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. इन्स्ट्रुमेंट केबलमध्ये बारीक तार आणि तिच्याभोवती जाळीचं आवरण असतं. ती अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये लावली तर तापते आणि अ‍ॅम्पला धोका होतो. स्पीकर केबलला ते आवरण नसतं, ती बेसला लावली तर हम भरतो. घरीच दोन्हींच्या टोकांना वेगवेगळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या लावून ठेवा. अंधाऱ्या स्टेजवर बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

केबल बेसला लावताना जॅक सॉकेटमध्ये खुपसून ती तशीच खाली लोंबू देऊ नका. आधी केबल पट्ट्याच्या मागच्या बटणापाशी, पट्टा आणि बॉडी यांच्यामधून ओवून घ्या, हातभर सैल ठेवा आणि मग जॅक लावा. कुणाचा पाय पडला तर झटका पट्ट्याला बसतो, सॉकेटला नाही. सॉकेटच्या आतले सोल्डर तुटण्याचे बहुतेक प्रसंग एवढ्याने टळतात.

वायरलेस नंतर बघा. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे संच वायफायने भरलेल्या जागेत अडखळू शकतात, त्यामुळे वायरलेस घेतला तरी केबल बरोबर ठेवावीच लागते.

पायरी ३: ट्यूनर, पेडलचाच

क्लिपचा ट्यूनर घरी ठीक आहे. स्टेजवर ड्रमच्या कंपनांनी नेक स्वतःच थरथरत असतो, आणि खालच्या ई तारेवर क्लिपचा काटा भरकटतो. पेडल, म्हणजे पायाने दाबायचा छोटा डबा, थेट सिग्नल वाचतो. शिवाय पेडल दाबला की पुढचा आवाज बंद होतो. दोन गाण्यांच्या मधे गायक बोलत असताना बेसिस्टने ‘डूंऽऽ’ करत ट्यून करणं हे श्रोत्यांना, गायकाला, सगळ्यांनाच त्रासदायक. केबल बदलताना किंवा बेस उतरवतानाही हाच पेडल म्यूटचं काम करतो.

ट्यून करताना स्वर खालून वर आणा. चढा गेला तर आधी उतरवा आणि पुन्हा वर चढवा, म्हणजे खुंटीतला ढिलेपणा तारेत राहत नाही. काटा स्थिर राहत नसेल तर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक वाजवून बघा.

बाकी पेडलची घाई नको. आवाजाचा चढउतार एकसारखा करणारा कॉम्प्रेसर उपयोगाचा आहे, पण बोटांचा जोर अजून एकसारखा झाला नसेल तर तो दोष तिथे झाकला जातो आणि सुधारायचा राहतो. पॉवर सप्लाय घेताना व्होल्टेज आणि पिनची पोलॅरिटी पेडलवर लिहिलेली असते ती जुळवून घ्या.

पायरी ४: डीआय बॉक्स समजून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवीन बेसिस्ट ही वस्तू ‘साउंडवाल्यांची’ समजून सोडून देतात, आणि त्यामुळे त्यांचा आवाज पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती जातो.

बेसचा सिग्नल हाय इम्पीडन्सचा (म्हणजे लांब केबलमध्ये कमजोर होणारा) आणि अनबॅलन्स्ड असतो. तो तसाच वीस-तीस मीटर लांब मिक्सरपर्यंत नेला तर वाटेत हम आणि खरखर गोळा करतो. डीआय बॉक्स त्याला लो इम्पीडन्स आणि बॅलन्स्ड करतो. म्हणजे एकच सिग्नल दोन तारांवरून एकमेकांच्या उलट जातो. वाटेत शिरलेला गोंगाट मात्र दोन्ही तारांवर सारखाच असतो. मिक्सर या दोन्हींतला फरक घेतो, त्यात गोंगाट कटून जातो आणि बेस उरतो.

पॅसिव्ह बेस असेल तर अ‍ॅक्टिव्ह डीआय घ्या. त्याचा इनपुट इम्पीडन्स साधारण १ मेगाओहमच्या घरात असतो, त्यामुळे पिकअपवर ताण येत नाही आणि वरचा आवाज टिकतो. त्याला मिक्सरकडून ४८ व्होल्टची फँटम पॉवर किंवा आतला सेल लागतो. अ‍ॅक्टिव्ह बेसला ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआयही छान चालतो, त्याला वीज लागत नाही. बॉक्सवर पॅडचं बटण असेल तर ते फार मोठा सिग्नल कमी करण्यासाठी असतं, आवाज फाटत असेल तेव्हाच दाबा.

ग्राउंड लिफ्टचं बटण नीट लक्षात ठेवा. अ‍ॅम्प एका ठिकाणच्या विजेवर आणि मिक्सर दुसऱ्या ठिकाणच्या विजेवर असला की दोघांच्या अर्थिंगमधून लूप तयार होतो आणि हम येतो. डीआयवरचं हे बटण दाबलं की बहुतेक वेळा तो जातो. त्याऐवजी काही जण अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. हे कधीही, कुणीही सांगितलं तरी करू नका. अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर मग करंट जायला एकच वाट उरते: तारांवरचे तुमचे हात आणि माइकला लागलेले ओठ.

पहिल्यांदाच काही घेणार असाल तर माझी शिफारस प्रीअ‍ॅम्प पेडलची, ज्याला डीआयचा आउटपुट आहे. एका छोट्या डब्यात टोन घडवण्याचे नॉबही मिळतात आणि मिक्सरला द्यायचा बॅलन्स्ड सिग्नलही. स्टेजवर कोणताही अ‍ॅम्प ठेवलेला असो, किंवा अ‍ॅम्पच नसो, तुमचा आवाज तुमच्याबरोबर येतो. एवढ्या खर्चात एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

अ‍ॅम्पमधूनच डीआय द्यायचा झाला तर मागचं प्री-पोस्टचं बटण ‘प्री’वर ठेवा. ‘पोस्ट’वर असेल तर स्टेजवर स्वतःला ऐकू यावं म्हणून तुम्ही टोनचा नॉब जरा फिरवला, की हॉलमधला आवाजही बदलतो आणि मिक्सरवरच्या माणसाने साउंडचेकला (कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या तपासणीला) केलेलं सगळं काम वाया जातं.

पायरी ५: आता अ‍ॅम्प

जिथे हॉलचे स्पीकर फक्त गायकापुरते असतात तिथे आणि सरावाला अ‍ॅम्प लागतोच. ड्रमसोबत वाजवायला २०० ते ३०० वॉट आणि एक बारा इंची किंवा दोन दहा इंची चांगले स्पीकर, इथून सुरुवात करा. वॉटच्या आकड्याने दिपून जाऊ नका. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण दहापट वॉट लागतात. ३०० आणि ५०० वॉटमध्ये जेमतेम २ डेसिबलचा फरक आहे. स्पीकर किती कार्यक्षम आहे यावर त्याहून जास्त अवलंबून असतं.

वजनाचा मात्र आधी विचार करा. १९६९ साली आलेला अ‍ॅम्पेगचा एसव्हीटी ३०० वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प होता, त्याच्याबरोबर आठ दहा इंची स्पीकरचं उंच कॅबिनेट, आणि नुसतं हेडच (स्पीकर सोडून उरलेला भाग) पस्तीस किलोंच्या वर. आज तेवढ्याच किंवा जास्त वॉटचं क्लास डी हेड दोन-तीन किलोंत मिळतं आणि गिग बॅगच्या कप्प्यात मावतं. रात्री उशिरा जिन्यावरून सामान उतरवणारे तुम्हीच असणार आहात.

ओहमचं गणित चुकवू नका. ८ ओहमची दोन कॅबिनेट एकत्र लावली की ४ ओहम होतात. अ‍ॅम्पच्या मागे किमान ४ ओहम लिहिलं असेल तर तिथे थांबा, तिसरं लावू नका. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकर न लावता कधी चालू करू नका, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. स्पीकरसाठी स्पीकॉन या जोडणीची सोय असेल तर तीच वापरा. ती फिरवून लॉक होते, ओढली तरी निघत नाही.

अ‍ॅम्प कुठे ठेवता याला त्याच्या किमतीइतकंच महत्त्व आहे. खालच्या ई स्वराची तरंगलांबी आठ मीटरच्या वर आहे, त्यामुळे खोलीचा आकार आणि भिंती या स्वरांशी खेळतात. कोपऱ्यात ठेवलेला अ‍ॅम्प खालचे स्वर फुगवतो, पोकळ लाकडी स्टेज त्याच्याबरोबर घुमतं. अ‍ॅम्प भिंतीपासून थोडा पुढे, खुर्चीवर किंवा स्टँडवर, तोंड कानाकडे तिरकं करून ठेवा. अ‍ॅम्प जमिनीवर आणि तुम्ही त्याला चिकटून उभे असलात, तर आवाज गुडघ्यांना ऐकू जातो. मग तुम्ही व्हॉल्यूम वाढवता आणि पहिल्या रांगेतल्यांना गायक ऐकू येत नाही.

गेन (आत येणाऱ्या सिग्नलचा जोर ठरवणारा नॉब) लावताना सगळ्यात जोरात वाजवायची ओळ वाजवा आणि क्लिपचा, म्हणजे सिग्नल फार मोठा झाल्याचं सांगणारा, दिवा अगदी क्वचित लुकलुकेल तिथे थांबा. मग मास्टर व्हॉल्यूम वाढवा. इक्वलायझर सपाट ठेवून सुरुवात करा. घरी एकट्याने वाजवताना मधला आवाज कापून खालचा-वरचा वाढवलेला टोन फार गोड लागतो, पण बँडमध्ये तोच बेस नाहीसा होतो, कारण खाली किक ड्रम आणि वर झांजा व गिटार आधीच बसलेले असतात. बेस ओळखू येतो तो ४०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात. ऐकू येत नसेल तर आधी तिथे थोडं वाढवा. घुमत असेल तर २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास कमी करा. हाय-पास फिल्टर असेल तर ३० ते ४० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. तिथे चार तारांच्या बेसचं संगीत जवळपास नसतं, नुसता स्पीकर मागेपुढे हलत राहतो.

पायरी ६: कानांची काळजी

हे सामानच आहे, आणि इथे उशिरा सांगत असलो तरी कोणत्याही पेडलच्या आधी घ्यायचं आहे. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला ८ तासांची आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात. झांजांच्या शेजारी उभ्या असलेल्या बेसिस्टला १०० डेसिबल सहज भेटतात. फोमचे बोळे वरचा आवाज जास्त कापतात, त्यामुळे सगळं गाडल्यासारखं वाटतं आणि लोक ते काढून टाकतात. वादकांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग सगळा आवाज साधारण सारखाच कमी करतात. ते सरावापासूनच घाला, म्हणजे गिगला वेगळं वाटणार नाही.

पायरी ७: बॅग आणि गिगचा दिवस

बॅगेत राखीव केबल, ९ व्होल्टचे दोन सेल, जुना तारांचा सेट, कटर, तुमच्या बेसला बसणाऱ्या अ‍ॅलन की, बारीक स्क्रू ड्रायव्हर, छोटा टॉर्च, गॅफर टेप, लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि कोरडं फडकं एवढं कायम असू द्या. हे सामान सरावाला वापरायचं नाही, नाहीतर हवं त्या दिवशी ते घरीच राहतं.

पोहोचल्यावर बेस लगेच बॅगेतून काढून स्टँडवर ठेवा, म्हणजे साउंडचेकपर्यंत तो तिथल्या तापमानाला येतो. सगळं जोडून झालं, व्हॉल्यूम शून्यावर आहेत हे पाहिलं, की मग अ‍ॅम्प चालू करा. मिक्सरला जाणारी केबल लावताना किंवा काढताना आधी मिक्सरवरच्या माणसाला विचारा आणि त्यांनी चॅनल म्यूट केल्याचं सांगितल्यावरच हात लावा, नाहीतर हॉलभर जोरदार ठप्प असा आवाज जातो. साउंडचेकला तुमची सगळ्यात जोरातली ओळ आणि सगळ्यात हळू ओळ दोन्ही वाजवून दाखवा, स्लॅप (तारेवर अंगठा आपटून वाजवणं) करणार असाल तर तेही. त्यानंतर बेसवरचा व्हॉल्यूम वाढवायचा नाही. वाढवण्याची गरज पडेल असं वाटत असेल तर साउंडचेकच थोडा कमी ठेवून करा. स्वतःला ऐकू येत नसेल तर मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरमध्ये, बेस मागा. नुसतं ‘आवाज वाढवा’ म्हणण्यापेक्षा ‘माझ्या मॉनिटरमध्ये बेस थोडा आणि किक थोडा’ असं नेमकं सांगितलं की काम लगेच होतं.

गिग संपला की आधी व्हॉल्यूम शून्यावर, मग अ‍ॅम्प बंद, मग जॅक. तारा फडक्याने खालून-वरून पुसा, घामाने त्या लवकर मरतात. केबल कोपरावर गुंडाळू नका. एक वेढा सरळ आणि एक उलटा असं घेतलं की पीळ पडत नाही आणि आतली जाळी तुटत नाही. आज एखादी केबल खरखरली असेल तर तिच्या टोकाला लगेच टेप लावा आणि ती बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात टाका.